स्वयंपाकघरातील चिमणी : तिची स्वच्छता व घराची सुरक्षितता

दिलसुखनगर, चैतन्यपुरी, कोत्तापेट, सरूरनगर या भागांत राहणाऱ्या आपल्या सभासद कुटुंबांपैकी बहुतेकांची घरे आज बहुमजली इमारतींत आहेत. या घरांतील स्वयंपाकघर आकाराने लहान, त्याला खिडकी असलीच तर एकच, आणि तीही पुष्कळदा दोन इमारतींमधील अरुंद बोळात उघडणारी. अशा ठिकाणी दोन वेळची फोडणी व सणासुदीची तळणी व्हावयाची म्हणजे धूर बाहेर नेणारे काही साधन असणे अगत्याचे ठरते. त्यामुळे शेगडीवर विजेच्या पंख्याने चालणारी चिमणी बसविण्याची रीत इतकी रूढ झाली आहे की, नव्या घराच्या खर्चाच्या यादीत तिचे नाव आता ओट्याच्या व कपाटांच्या बरोबरीने येते. वस्तू घरोघर पोचली. तिची निगा कशी राखावी याचे ज्ञान मात्र तितक्या वेगाने पोचले नाही. ते सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. आपल्या जुन्या बोलीत चिमणी म्हणजे अंगणातला पक्षी, किंवा मग रॉकेलचा लहानसा दिवा. घरातील धूर बाहेर सोडणाऱ्या वाटेला आपण धुराडे म्हणत आलो. आपले तेलुगू शेजारी पोगगोट्टम् म्हणतात, म्हणजे धुराची नळी. हे दोन्ही शब्द वस्तूचे काम नेमके सांगतात. इंग्रजीवरून आलेल्या 'चिमणी' या नावात ते काम हरवले आहे, आणि दुकानात उभ्या असलेल्या चकचकीत काचेच्या उपकरणाकडे पाहून तर ते धुराडे आहे हेच ग्राहकाच्या ध्यानात येत नाही. पुढील विवेचनात आम्ही रूढ शब्दच वापरणार आहोत. तथापि वाचकांनी मनात धुराडेच धरावे.

मराठवाड्यातून हैदराबादेस येऊन स्थायिक झालेल्या आपल्या वडील पिढीस माळवदाची घरे आठवत असतील. त्या घरांत चुलीच्या वरच्या बाजूस माळवदाला एक साणे ठेवलेले असे. धूर तुळयांना काळे करीत करीत त्या वाटेने बाहेर पडे. तो पुरता पडत नसे, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बायांच्या डोळ्यांना व छातीला त्याची किंमत मोजावी लागे, हे खरेच. परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. काजळी सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तुळईवर तिचे जाळे लोंबू लागले की घरातील कर्त्या बाईस ते दिसे, आणि दिवाळीच्या आधी लांब काठीला केरसुणी बांधून ते काढले जाई. आजच्या चिमणीने मळ आपल्या डोळ्यांआड नेला आहे. तो नष्ट केलेला नाही. पत्र्याच्या पेटीत, पंख्याच्या पात्यांवर व पाइपच्या आतल्या बाजूस तो साठतो, आणि तोही जळत्या शेगडीच्या बरोबर वर. या एका वाक्यात आमच्या लेखाचे सर्व सार आहे. पुढचे सर्व त्यावरून निघते.

धुराड्याची किंमत त्याच्या सफाईवर ठरते, हा धडा हैदराबादला नवा नाही. याच शहरातील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धूर न करणारी एक चूल सिद्ध केली होती. प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'हर्ल चूल' म्हणून ओळखली गेली, आणि तिच्याविषयीचे 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' हे त्यांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. मातीची चूल, एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी, आणि धूर घराबाहेर नेणारी नळी, अशी तिची रचना. वर्ध्याच्या मगनवाडीतील 'मगन चूल' हीही याच कुळातली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व देशभर अशा चुली बसविल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ चुली काही काळाने बंद पडल्या. नळीत काजळी दाटली, धूर उलटा घरात येऊ लागला आणि गृहिणीने नळी काढून टाकून जुन्या रीतीने स्वयंपाक सुरू केला, अशी त्यांची कहाणी ठिकठिकाणी सारखीच आहे.

याची पद्धतशीर पाहणी ओडिशात झाली. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या चुली मिळालेल्या सुमारे २,६०० कुटुंबांचा मागोवा चार वर्षांपर्यंत घेतला व आपला निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केला. (यांतील डुफ्लो यांना २०१९ सालचा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.) पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, त्यानंतर तो फायदा ओसरला. चुली नियमितपणे वापरल्या गेल्या नाहीत, आणि त्यांची डागडुजी व सफाई ठेवण्यात घरे कमी पडली. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले साधन घरात निरुपयोगी ठरले ते याच कारणाने. आमच्या मते दिलसुखनगरच्या सदनिकेतील हजारो रुपयांच्या चिमणीलाही हा न्याय तंतोतंत लागू पडतो. भेद इतकाच की, मातीच्या धुराड्याने सफाई चुकली तर घरात धूर होई. तेलाने माखलेल्या विजेच्या चिमणीत आगीचे भय आहे.

आता हा मळ कसा जमतो ते पाहू. कढईतून वर जाणाऱ्या वाफेत पाणी असते, धूर असतो आणि तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. थंड पत्र्यावर आपटताच थेंब तेथेच बसतात. त्यांवर धूळ व पिठाचे कण चिकटतात. पुढे काय होते हे तेलाच्या जातीवर अवलंबून असते, आणि ही गोष्ट तेलाचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांस अधिक चांगली ठाऊक असेल. जवस व करडई ही हवेत वाळून घट्ट होणारी तेले. म्हणूनच रंग व वार्निश करणारे त्यांचा उपयोग करीत आले आहेत. सूर्यफूल व सोयाबीन ही तेले काही अंशी त्याच गुणाची. शेंगदाण्याचे तेल सहसा वाळत नाही, आणि तूप तर नुसते गोठते. परंतु उष्णतेपुढे सर्वच तेले हळूहळू घट्ट होतात. लोखंडी तव्यावर चढणारा काळा थर हा त्याचाच दाखला. तात्पर्य, आठवड्याभराचे तेल कोमट पाण्याने व साबणाने निघते, दोन महिन्यांचे तेल राळेसारखे होते, आणि वर्षाचे तेल म्हणजे पत्र्यावर चढविलेले वार्निशच. ते काढावयास मग जहाल औषधे लागतात आणि अपघात तेथूनच सुरू होतात.

'आमचा शुद्ध शाकाहारी स्वयंपाक, त्यात कांदा-लसूणही नाही, मग चिमणीत एवढा मळ कोठून येणार?' असे काही घरांतून ऐकू येते. या समजुतीस आधार नाही. मळ येतो तो तळणीतून व फोडणीतून. पुऱ्या, शेव, चकली, फरसाण, उपवास-पारण्याचे पदार्थ यांचे प्रमाण आपल्या घरांत कमी नाही, किंबहुना काहीसे अधिकच आहे. पर्युषणानंतरच्या पारण्यांपासून दिवाळीच्या फराळापर्यंतचा काळ हा चिमणीच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत भाराचा काळ होय.

पाइपविषयी थोडे गणित करू, कारण व्यापाऱ्यास आकड्यांनी लवकर पटते. सहा इंच व्यासाच्या पाइपमध्ये आतून सर्व बाजूंनी अर्धा इंच थर बसला तर मोकळा व्यास पाच इंच राहतो. वाट किती अरुंद झाली? व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ३६ वरून २५ वर. जवळजवळ तीस टक्के वाट बुजली. आणि बसविणाऱ्याने भिंतीला मोठे भोक पाडण्याचा त्रास वाचविण्यासाठी सहा इंचांच्या जागी चार इंचांचा पाइप लावला असेल, तर ३६ चे १६ झाले. पहिल्या दिवसापासूनच निम्म्याहून अधिक वाट बंद. मग यंत्राच्या पेटीवर १,२०० घनमीटर छापलेले असो वा १,५००, त्याचा उपयोग काय? दहा फूट लांब, आठ फूट रुंद व दहा फूट उंच अशा स्वयंपाकघरात सारी मिळून सुमारे २३ घनमीटर हवा मावते. ती तासातून वीस वेळा बदलावयाची म्हटली तरी ४६० घनमीटरच्या आसपास काम भागते. मोठा आकडा विकत घेण्यापेक्षा सरळ, आखूड, पूर्ण व्यासाचा पाइप मिळविणे शहाणपणाचे. पाइपला जितकी कोपऱ्यावरची वळणे, तितके तेल तेथे थांबते. सुरकुत्यांचा लवचीक पाइप लांबवर नेला तर प्रत्येक सुरकुतीत तेल साठते, आणि प्लॅस्टिकचा पाइप पेटला तर विषारी धूर सोडतो. घर नव्याने सजविणाऱ्यांनी या बाबी सुताराच्या मर्जीवर न सोडता स्वतः पाहाव्यात.

तेल अडविण्याचे काम जाळी करते. बाजारात तिचे प्रकार अनेक आहेत. अॅल्युमिनियमच्या बारीक तारांच्या थरांची जाळी लवकर तुंबते. तळणीच्या घरात ती आठ-पंधरा दिवसांनी धुवावी. पोलादी वळणपट्ट्यांची जाळी, जिला दुकानदार बॅफल फिल्टर म्हणतात, तिच्यात हवेला वळसे घ्यावे लागतात व तेलाचे जड थेंब पट्ट्यांवर आपटून खाली उतरतात. ती तीन-चार आठवड्यांनी धुतली तरी चालते. जाळी नसलेल्या यंत्रांत पंखाच तेल बाजूस फेकतो व ते खालच्या पेल्यात उतरते. तो पेला आठवड्यातून एकदा रिकामा करावा. ज्यांना बाहेर जाणारा पाइपच नाही अशा चिमण्यांत कोळशाचा फिल्टर असतो. तो धुऊन पुन्हा वापरता येत नाही, ठरावीक मुदतीने नवाच घालावा लागतो. आणि अशी चिमणी वास कमी करीत असली तरी वाफ व उष्णता घरातच ठेवते, हे ग्राहकास आधी सांगितले जात नाही.

'आपोआप साफ होणारी' या जाहिरातीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. या यंत्रांत एक तापणारी तार असते. ती पंख्याच्या आसपासचे तेल वितळविते व ते पेल्यात गळते. सोय चांगली आहे. पण पेला आपोआप रिकामा होत नाही, आणि पाइपमधील थरापर्यंत त्या तारेची ऊब पोचत नाही. आपल्यापैकी जे सभासद भांड्यांचा अगर विजेच्या उपकरणांचा व्यापार करतात, त्यांनी ही गोष्ट गिऱ्हाइकास विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगावी. त्याने एखादा सौदा मोडेलही. परंतु न सांगता केलेला सौदा दोन वर्षांनी तक्रार घेऊन परत येतो.

घरच्या घरी जाळी धुण्याची रीत अशी. चिमणीचे बटण बंद करून भागत नाही, भिंतीतील प्लगच काढावा. शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी व सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. ओट्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. हातांत रबरी मोजे असावेत, कारण पत्र्याच्या कडा बोट कापण्याइतक्या धारदार असतात. जाळी मोठ्या घमेल्यात ठेवून तिच्यावर कढत पाणी ओतावे, त्यात भांडी घासण्याचे डिटर्जंट व मूठभर खाण्याचा सोडा घालावा आणि अर्धा-पाऊण तास तसेच राहू द्यावे. घमेले झाकावे, उघड्या कोमट पाण्यात माश्या व किडे पडतात, आणि लहान मूल हात घालते. नंतर मऊ ब्रशने घासावे. तारेच्या काथ्याने अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात व पुढील तेल त्यांतच घर करते. आपल्या भागात बोअरचे पाणी जड असल्याने त्यात साबणाला फेस येत नाही व वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचे पाणी नळाचे घ्यावे व जाळी कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवावी. ओली जाळी परत बसवू नये. बसविताना तिची खालची बाजू खालीच आली आहे हे पाहावे, अन्यथा तेल पेल्याकडे न जाता शेगडीवर ठिबकते. पेल्यातील तेल मोरीत ओतू नये. ते खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या नळीत गोठते. भुशात किंवा रद्दी कागदात मुरवून केराच्या डब्यात टाकावे.

हे काम सकाळच्या उजेडात करावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. आपल्या पुष्कळ घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात व रात्री शेगडी थंड असते, त्यामुळे रात्रीची वेळ सोयीची वाटते. परंतु दिव्याच्या प्रकाशात पत्र्याच्या खाचेतील मुंगी दिसत नाही आणि आपले बोटही दिसत नाही. सफाईच्या नियमितपणाला आपल्या आचारात आणखी एक आधार आहे. साठलेल्या तेलावर झुरळे व मुंग्या जमतात. एकदा जमल्या की त्यांना घालविण्यासाठी विष फवारण्याचा प्रसंग येतो. पंधरा दिवसांच्या धुण्याने तो प्रसंगच टळतो. यतना म्हणतात ती याहून निराळी काय असते?

आणि ओट्यावर चढून काम करू नये. ओला, तेलकट दगड व त्यावर उभी असलेली वयस्क व्यक्ती, हा योग मोडक्या हाडांत संपतो. रुंद पायांची घोडी घ्यावी व एकाने ती धरावी.

आता जहाल औषधांकडे वळू. घरोघर फिरून चिमणी साफ करणारे काही कारागीर बादलीत पांढरे खडे विरघळवून त्यात जाळी बुडवितात. काळा थर पाहता पाहता सुटतो व घरची मंडळी प्रसन्न होतात. ते खडे बहुधा कॉस्टिक सोड्याचे असतात. पोलादाला तो फारसे करीत नाही. अॅल्युमिनियमला मात्र खातो, त्या क्रियेतून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो व जाळी काळी पडून ठिसूळ होते. त्वचेवर तो भाजल्यासारखी जखम करतो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. ज्यांना तो वापरावयाचाच असेल त्यांनी थंड पाण्यात थोडा थोडा सोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण ते उकळून अंगावर उसळते. अंगावर उडालाच तर भरपूर वाहत्या पाण्याखाली जागा बराच वेळ धरावी व तडक डॉक्टर गाठावा. ब्लीचिंगचे द्रावण व संडास धुण्याचे अॅसिड हे एकत्र केल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो, तेव्हा 'दोन्ही घातली म्हणजे लवकर निघेल' हा विचार कोणी करू नये. कारागिरास बादलीत काय घातले ते विचारण्यात संकोच कसला? त्याच्याही हातांत मोजे आहेत की नाहीत ते पाहावे, नसतील तर आपले द्यावेत. काजळी ही निरुपद्रवी धूळ नव्हे. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच दाखवून दिले होते की, लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा एक कर्करोग त्या काजळीपासूनच होतो. व्यवसायापासून होणाऱ्या कर्करोगाचे ते पहिले निदान समजले जाते.

पाइप व पंखा यांची सफाई घरी करू नये. वर्षातून किमान एकदा, आणि तळणी अधिक असेल तर दोनदा, जाणत्या कारागिराकडून करवावी. पंख्याच्या मोटारीवर पाण्याचा फवारा मारू देऊ नये. पाइप ज्या ठिकाणी बाहेर उघडतो ते तोंडही पाहावे. दिलसुखनगरच्या इमारतींत ते बहुधा मधल्या बोळात उघडते व तेथे पारव्यांची वस्ती असते. पारव्याने पाइपच्या तोंडात काड्या रचल्या की वाट बंद, आणि वाळक्या काड्या व तेल असे सरपण आत तयार. एकदा अंडी घातली गेली म्हणजे आपल्या घरांत कोणी त्या घरट्यास हात लावणार नाही, लावूही नये. पिले उडून जाईपर्यंत चिमणी बंद ठेवावी लागेल. त्यापेक्षा पाइप बसवितानाच तोंडाला वाऱ्याने आपोआप मिटणाऱ्या झडपेची टोपी घालावी. बारीक जाळी लावू नये, ती तेलाने दोन महिन्यांत बुजते.

येथवर सफाईचे झाले. ज्या तीन प्रसंगी चिमणीचे बटण जीव घेऊ शकते, ते आता सांगतो, आणि हा भाग घरातील प्रत्येकाने, विशेषतः स्वयंपाकास मदत करणाऱ्या बाईने व घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी ऐकलाच पाहिजे.

स्वयंपाकघरात शिरताच गॅसचा वास आला तर पुष्कळांचा हात पहिल्यांदा चिमणीच्या किंवा पंख्याच्या बटणाकडे जातो. वास बाहेर जावा ही इच्छा स्वाभाविक आहे, परंतु ती घातक आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. वर टांगलेली चिमणी त्याला नीट ओढू शकत नाही, पण तिच्या बटणातील एक ठिणगी सबंध खोली पेटविण्यास पुरते. म्हणून कोणतेही बटण चालू करू नये, चालू असलेले बंदही करू नये, काडी ओढू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर गळतीची खबर द्यावी. हा क्रमांक देशभर गॅसगळतीसाठीच आहे.

दुसरा प्रसंग कढईतील तेल पेटण्याचा. तळणीचे तेल साधारण १८० अंश सेल्सियसला असते. विसरून आचेवर राहिले तर प्रथम धुमसते आणि ३५० ते ४०० अंशांच्या दरम्यान ज्योत न लागताही आपोआप पेटते. त्या वेळी वर चिमणी चालू असेल तर ती ज्वाला आत ओढून घेते व जाळीतील तेल पेटते. शेगडीचे बटण हाताशी असेल तर बंद करावे, कढईवर मोठे झाकण अगर परात बाजूने सरकवून बसवावी, आणि चिमणी भिंतीवरील बटणातून बंद करावी. ते बटण शेगडीच्या पलीकडे असेल तर आगीवरून हात नेण्यापेक्षा घराचा मेन स्विच पाडावा. पाणी ओतू नये. पाणी तेलाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होऊन सतराशे पटींच्या आसपास फुगते व पेटते तेल छतापर्यंत उडविते. कढई उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. आग पाइपमध्ये शिरली असे दिसताच झुंज थांबवावी, दार ओढून घ्यावे, वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांस सावध करीत जिन्याने उतरावे व १०१ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा. चिमणी शेगडीपासून किती उंचीवर आहे हेही यानिमित्ताने मोजून पाहावे. उत्पादकाने दिलेले अंतर बहुधा ६५ ते ७५ सेंटिमीटर असते, आणि बुटक्या ओट्यासाठी ते कमी करणे म्हणजे ज्वाला जवळ बोलावणे.

तिसरा प्रसंग आवाज न करता येतो. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते, तेवढी कोठून तरी आत आली पाहिजे. सर्व खिडक्या लावून, वातानुकूलित खोलीची दारे मिटून ती चालविली तर ती न्हाणीघरातून हवा ओढते. आणि तेथे गॅसचा गिझर चालू असेल तर त्याच्या जळण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड घरात फिरतो. या वायूला वास नाही, रंग नाही. गिझर न्हाणीघरात असणेच मुळात धोक्याचे. चिमणी तो धोका वाढविते. स्वयंपाक चालू असताना समोरची एक खिडकी उघडी ठेवावी, एवढ्याने चिमणीचे कामही सुधारते.

सफाईच्या तारखा लक्षात राहत नाहीत अशी गृहिणींची तक्रार असते, आणि ती रास्त आहे. घरात लक्षात ठेवण्याच्या गोष्टी थोड्या नसतात. आमची सूचना अशी की, ही जबाबदारी घरातील पुरुषमंडळींनी घ्यावी, कारण दुकानातील येण्या-देण्याच्या तारखा ते चुकवीत नाहीत. जाळी अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास धुवावी. कारागीर एकदा पर्युषणापूर्वी बोलवावा, व ज्या घरी फराळाचे मोठे काम निघते त्यांनी दिवाळी उरकल्यावर पुन्हा एकदा. वहीपूजनाच्या दिवशी नवी वही घालतो, तेव्हा घरखर्चाच्या वहीचे शेवटचे पान यासाठी राखून ठेवावे. त्यावर सफाईची तारीख, बादलीत कोणते औषध घातले, पंखा उघडून पाहिला काय, आणि पाइपचे बाहेरचे तोंड मोकळे आहे काय, एवढ्या नोंदी कारागीर घरात असतानाच कराव्यात व मगच त्याची मजुरी द्यावी.